कृष्णविवराला कच्चा टाका

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर फर्माइश केली, "बाई, प्रयोगशाळेतले गमतीदार अनुभव लिहा. स्फोट वगैरे." त्यांची निराशा करावी लागतेय. आमच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षांत एकही स्फोट झाला नाही. स्फोट रसायनवाल्यांकडं होतात. आमच्याकडं जे व्हायचं ते आवाज न करता व्हायचं आणि सही-शिक्क्यानिशी व्हायचं. त्यातलं एक सांगते.

मी जगताप बाई. माहेर लासूर स्टेशन, सासर पडेगाव, आणि नोकरी छत्रपती संभाजीनगरातल्या एका जुन्या कॉलेजात, प्रयोगशाळा सहायक म्हणून. प्रयोगशाळा म्हटलं की लोकांना रक्तच आठवतं. आमच्या गल्लीतल्या बायका मला अजून विचारतात, "उपाशीपोटी यायचं का, ताई?" तर तसं नाही. प्रॅक्टिकलच्या आधी लंबक टांगायचे, भिंगं पुसायची, मीटरचे सेल बदलायचे, आणि प्रॅक्टिकल संपल्यावर कुठलं चुंबक कुणाच्या खिशात गेलं ते चेहऱ्यावरून ओळखायचं, हे माझं काम. मी स्वतः फिजिक्सची बी.एस्सी., पहिला वर्ग. लासूरहून पॅसेंजरनं ये-जा करून मिळवलेला. पुढं शिकायचं राहून गेलं आणि शिकवणाऱ्यांच्या मागं टेबल पुसायची जागा मिळाली. तक्रार नाही. मागं उभं राहणाऱ्याला फळा आणि सर दोन्ही दिसतात.

प्रयोगशाळेतली एक गोष्ट आधी सांगायला हवी, म्हणजे पुढचं नीट कळेल. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्व त्वरणाचं उत्तर नऊ पॉइंट आठच्या आसपास यावं लागतं. मुलांना हे आधीच माहीत असतं. त्यामुळं ती आधी उत्तर लिहितात आणि मग उलटी चालत रीडिंगपर्यंत येतात. एकदा एका मुलीचं उत्तर सात आलं आणि त्या पोरीनं वहीत सातच लिहिलं. सरांनी तिला प्रयोग पुन्हा करायला लावला. बाकी एकोणीस जणांचं बरोबर आलं होतं, कारण त्यांनी प्रयोगच केला नव्हता.

तर माझ्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांतली गोष्ट. कॉलेजात मूल्यांकन समिती येणार होती. समिती येणार म्हटलं की भिंतींना रंग लागतो, भाड्याच्या कुंड्या येतात, आणि गेल्या पाच वर्षांत न झालेले कार्यक्रम मागच्या तारखा टाकून एका महिन्यात होऊन जातात. प्राचार्यांनी मीटिंग बोलावली. आमचे प्राचार्य मराठी साहित्याचे डॉक्टर. माणूस वाईट नव्हता, पण गप्प बसलेल्या माणसाला ते सहमत समजायचे. त्यांच्यापुढं एक यादी होती. ती वाचत ते म्हणाले, "फिजिक्सकडं खगोल मंडळ आहे. अध्यक्ष प्राध्यापक सबनीस, सचिव श्रीमती जगताप."

मी सचिव आहे, हे मला तिथं कळलं.

"या मंडळाचं समितीला काय दाखवणार?" प्राचार्यांनी विचारलं.

सबनीस सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. कडक इस्त्री, बोलताना दर वाक्याला 'यू सी', आणि बोलणं असं ऐटीत की चुकीचं विधानसुद्धा वहीत उतरवून घ्यावंसं वाटावं. दुर्बीण दाखवता येणार नव्हती. तिच्या भिंगाला बुरशी आली होती आणि तिच्या पेटीत कुणीतरी परीक्षेचा सुतळीगुंडा ठेवत होतं. सर एक क्षणही न अडखळता म्हणाले, "सर, आपण कृष्णविवर दाखवू."

"ते कुठून दिसतं?"

"दिसत नाही सर. यू सी, तीच तर त्याची खासियत."

"मग सोपं आहे," असं म्हणून प्राचार्यांनी यादीवर टिक केली.

सरांनी इंटरनेटवर एक प्रयोग पाहिला होता. लोखंडी कड्यावर ताणाचं कापड घट्ट बसवायचं. मधोमध जड गोळा ठेवला की कापड खोल वाकतं. मग कडेनं छर्रे सोडायचे, ते गोल गोल फिरत मध्ये जातात. जड वस्तूमुळं अवकाश वाकतं आणि बाकीच्या वस्तू त्या वाकात घसरतात, असं समजावायचं. सर मला म्हणाले, "बाई, एक कापड बघा. बाकी मी आहे." बाकी म्हणजे बोलणं.

कडं वेल्डिंगवाल्यानं करून दिलं. कापडासाठी मी गेले यूनुसभाईंकडं. गारखेड्यात क्रीडासंकुलाजवळ त्यांचं दुकान आहे. कबड्डीच्या चड्ड्या, स्केटिंगचे सूट, शाळांच्या गॅदरिंगचे ड्रेस, असं सगळं ताणाचं कापड शिवण्यात त्यांचा हात धरणारा शहरात नाही. साठीचा माणूस, चष्म्याच्या दोरीऐवजी काळं इलास्टिक.

"किसके नाप का?" त्यांनी टेप काढला.

"कुणाच्याच नाही. साडेचार फुटी गोल. काळं."

"झोली बनानी क्या?"

"कृष्णविवर बनवायचंय."

यूनुसभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. गिऱ्हाईक नव्हतं, चहा मागवला गेला, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, वो क्या होता. इतकी वर्षं दुसऱ्यांचं शिकवणं ऐकून माझ्याकडं बरंच साठलं होतं.

मी सांगितलं, तारा म्हणजे स्वतःच्याच वजनाखाली दबलेला वायूचा डोंगर. पोटात भट्टी चालू असते, ती बाहेर रेटते. वजन आत दाबतं. या रेटारेटीवर तारा उभा असतो. भट्टीतलं इंधन संपलं की बाहेरचा रेटा गेला. आपल्या सूर्यासारखा बेताचा तारा निखाऱ्यासारखा हळूहळू निवून जातो. पण लई मोठा असेल तर त्याचा गाभा धाडकन आत कोसळतो, बाहेरची सालं उडून जातात, आणि उरलेला गाभा पुरेसा जड असला तर त्याला थांबवणारं मग काहीच शिल्लक नसतं. तो आत आत जात राहतो. त्याच्याभोवती एक हद्द तयार होते. तिच्या आत गेलेला उजेडसुद्धा परत येत नाही, म्हणून ते काळं. आपली पृथ्वी दाबत दाबत गोटीएवढी केली तर तिचंही तेच होईल.

"और जो अंदर गया, वो किधर रहता?"

"मधोमध. एका बिंदूत. तिथं घनता अनंत होते. त्याला सिंग्युलॅरिटी म्हणतात."

"अनंत मतलब?"

"म्हणजे मोजता येत नाही इतकी."

"तो ऐसा बोलो ना ताई, नाप लेते नई आया."

मी हसले. मग त्यांनी कापडाचा एक तुकडा बरणीच्या तोंडावर ताणून बांधला, मधे कात्री ठेवली आणि कडेनं एक बटण सोडलं. बटण गिरकी घेत कात्रीला जाऊन चिकटलं. यूनुसभाईंनी बटण उचलून पुन्हा सोडलं.

"ताई, एक बात पूछू? ये बटन बीच में कायकू गया?"

"कापड खाली वाकलं म्हणून."

"हौ. पन बटन नीचे कायकू गया? नीचे से जमीन खींचती इसलिए. वो आसमान में कपडे के नीचे कौन खींच रा?"

मी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "यूनुसभाई, तुम्ही शिवा."

तसं म्हणायला नको होतं. मी काही विचारलं की सबनीस सर मला नेमकं असंच म्हणायचे, "बाई, तुम्ही लंबक टांगा." स्वतःला लागलेलं वाक्य आपण किती सहज दुसऱ्याला लावतो, हे मला दुकानाच्या पायऱ्या उतरताना कळलं. पण माघारी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न मी सरांना विचारला. सर प्रसन्न हसले. "बाई, ही उपमा आहे. उपमेला प्रश्न विचारायचे नसतात."

मग मी कॉलेजच्या ग्रंथालयातून यावरचं एक पुस्तक काढलं. त्याच्या मागच्या चिठ्ठीवर माझ्याआधी कुणाचीच तारीख नव्हती, विभागप्रमुखांचीही नाही. भिंगाच्या प्रयोगांसाठी आमच्याकडं एक काळोखी खोली असते. तिथं मधल्या सुट्टीत दिवा लावून मी ते वाचायची. अर्धं डोक्यावरून गेलं, पण एवढं कळलं, की शिंप्यानं नेमकं मर्मावर बोट ठेवलं होतं. कापडावर फक्त जागेचा वाक दाखवता येतो. खरा ओढा येतो काळाच्या वाकामुळं. जड वस्तूच्या जवळ काळ सावकाश चालतो, घड्याळ मागं पडतं, आणि हातातून सुटलेली वस्तू त्या सावकाश काळाकडं झुकत जाते, तिलाच आपण पडणं म्हणतो. खालून कुणी ओढत नाही. आणि काळ काही लायक्राच्या कापडावर ताणून दाखवता येत नाही.

मी हे सरांना सांगितलं. निदान प्रयोगाच्या शेवटी एक वाक्य तरी बोला, म्हटलं.

"बाई, समितीत फिजिक्सचं कुणी नाही. मी चौकशी केलीय. एक कॉमर्सचे, एक इंग्रजीचे, एक गृहविज्ञानाच्या. कशाला त्यांचा वेळ घ्यायचा?"

समितीच्या आदल्या दिवशी प्राचार्य रंगीत तालीम बघायला आले. मी मधे दोन किलोचं वजन ठेवलं होतं. त्यांनी मान हलवली. "गोळा फार लहान आहे. मागच्या खुर्चीवरून दिसणार नाही." त्यांनी क्रीडा विभागातून गोळाफेकीचा गोळा मागवला. पुरुषांचा.

"सर, कापड धरणार नाही," मी म्हणाले.

"बाई, ताऱ्याचं वजन किती असतं?"

"लई असतं, सर."

"मग?" असं विचारून ते निघून गेले. या युक्तिवादाला मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

समिती आली. तिघांच्या गळ्यात हार, हातात काजूची बशी. सरांनी गोळा मधोमध ठेवला. कापड इतकं खोल गेलं की खालून जमिनीला चार बोटं उरली. मी छर्रे सोडले. ते झकास फिरले. सर म्हणाले, "यू सी, आता हा तारा कोसळतोय..." आणि टर्र असा आवाज झाला. गोळा फरशीवर पडला, फरशीला तडा गेला, आणि तो गडगडत निघाला तो थेट समितीच्या अध्यक्षांकडं. अध्यक्षांनी दोन्ही पाय वर घेतले. प्राचार्यांचा चेहरा पांढराफटक.

सबनीस सरांबद्दल मी काहीही म्हटलं तरी, त्या क्षणी त्यांनी जे केलं ते माझ्याच्यानं सात जन्मांत झालं नसतं. एका श्वासात ते गरजले, "आणि ही, सर, सिंग्युलॅरिटी! इथं अवकाशाचं वस्त्रच फाटतं!"

अध्यक्षांनी पाय वरच ठेवून टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. मीही वाजवल्या.

समितीच्या अहवालात 'अभिनव' असा शब्द आला. प्राचार्यांनी तो शब्द फ्रेम करून घेतला आणि आज्ञा काढली, की यापुढं शाळा, क्लब, पाहुणे जे कुणी येतील त्यांना हा प्रयोग दाखवायचा, आणि प्रत्येक वेळी कापड फाटलं पाहिजे.

सर चुकून का होईना, खऱ्याच्या अगदी दाराशी जाऊन आले होते. त्या मधल्या बिंदूपाशी आपलं गणित खरंच फाटतं, उत्तरं अनंत येऊ लागतात, म्हणजे समीकरणं हात वर करतात. पण अवकाश फाटतं का, तिथं दुसराच काही नियम सुरू होतो का, की तसा बिंदूच नसतो, हे कुणी पाहिलेलं नाही. आपल्या वहीचं पान संपलं म्हणून जग संपलं, असं सर छातीठोकपणे सांगत होते, आणि लोक त्यांना शाल देत होते.

फाटलेलं कापड घेऊन मी यूनुसभाईंकडं गेले. त्यांनी ते उजेडात धरलं, कडेची शिवण शाबूत आहे हे आधी बघितलं आणि खूश झाले. मग मी हळूच विचारलं, "मधोमध वीतभर फट ठेवून कच्चा टाका घालून द्याल का? जोर पडला की सुटेल असा."

"मतलब फाडने के वास्ते सिऊ?"

"प्रयोगच तसा आहे."

"नक्को ताई. सुबे से शाम लोगां आते, मियाँ पक्का सिओ बोलते. कच्चा सीने का मेरेकू आताच नई." आणि त्यांनी मधल्या फाटीला आतून पट्टी लावून दुहेरी शिवण मारून दिली. कबड्डीपटूंनी ओढली तरी सुटणार नाही अशी.

ती शिवण मी काळोख्या खोलीत बसून उसवली. ब्लेडनं, एक एक टाका. मग काळ्या दोऱ्यानं कच्चे टाके घातले. आणि आता जे लिहिते त्याचा मला अभिमान वाटावा की लाज, हे अजून ठरलेलं नाही. नऊ टाके घातले तर कापड छर्रे सोडायच्या आधीच सुटायचं. चौदा घातले तर सुटायचंच नाही, सर नुसते बघत राहायचे. अकरा टाक्यांना ते बरोबर सरांच्या तिसऱ्या 'यू सी'ला फाटायचं. दोऱ्याची जात, टाक्याची लांबी, गोळ्याचं वजन, सगळं मी वहीत मांडलं. आमच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षं झालेल्या प्रयोगांत रीडिंग आधी आणि उत्तर नंतर आलेला बहुधा हा एकच.

वर्षभर आम्ही हिंडलो. सर पुढं, मी कडं आणि गोळा घेऊन मागं. एका सेवाभावी क्लबात सरांनी सांगितलं, की आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचं भलंमोठं कृष्णविवर धनु राशीच्या दिशेला आहे. हे खरं आहे. पण कार्यक्रम संपल्यावर धनु राशीचे चार सभासद उपाय विचारायला आले. सरांनी म्हणायला हवं होतं, की ते इतकं लांब आहे की तुमच्या राशीला त्याची गंधवार्ताही नाही. सूर्याच्या जागी उद्या तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर आणून ठेवलं, तरी पृथ्वी आहे त्याच वाटेनं फिरत राहील, फक्त गारठेल. ते काही ओढून गिळायला टपलेलं नसतं. सर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "यंदा जरा जपून राहा." त्या क्लबानं आम्हाला दोनदा बोलावलं.

मग विज्ञान दिन आला. प्राचार्यांनी शहरभर फ्लेक्स लावले. 'अवकाश फाटताना पाहा! प्रवेश मोफत.' एक फ्लेक्स गारखेड्याच्या चौकातही लागला.

सभागृह भरलं. मी गोळा घेऊन मंचाच्या कडेला उभी, आणि तिसऱ्या रांगेत मला यूनुसभाई दिसले. पांढरा कुर्ता, अत्तर लावल्यासारखे प्रसन्न, शेजारी त्यांची बायको. ते तिला बोटानं कापड दाखवत होते. आपण शिवलेलं कापड एवढ्या लोकांपुढं मांडलंय, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. माझ्या पोटात गोळा आला. हातातल्यापेक्षा जड.

सर बोलले. छर्रे फिरले. तिसऱ्या 'यू सी'ला कापड फाटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला, मी खाली पडलेला गोळा उचलला.

टाळ्या थांबल्यावर यूनुसभाई उठून मंचापाशी आले. त्यांनी कापडाची कड दोन बोटांत धरली, चष्मा खाली ओढला.

"सर, माफ करना. ये फटा नई."

"काय?"

"फटे तो रेशा निकलता सर, ऐसा साफ नई छूटता. ये कच्चा टाका है. मैं इधर दुहेरी सिलाई मारा था. कोई तो बी उधेड के रख्या."

पहिल्या रांगेत हशा पिकला. मागं जाऊन तो दुप्पट होऊन परत आला. सर लालेलाल झाले. "भाऊ, खाली बसा. हे विज्ञान आहे."

"हौ सर, विज्ञान होएगा. पन कपडा मेरा है."

आणि तेव्हा सरांनी ते वाक्य उच्चारलं. माइकवर, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मित्रहो, शिंप्याकडून कच्चं काम झालेलं दिसतंय. आजकाल अशीच माणसं मिळतात."

यूनुसभाईंनी कापड सोडलं. त्यांच्या बायकोनं मान खाली घातली. ज्या माणसाला कच्चं शिवताच येत नाही, त्याला शहरासमोर कच्चा ठरवलं गेलं होतं, आणि मी गोळा हातात घेऊन गप्प उभी होते. माझ्या निवृत्तीला सात महिने उरले होते. पेन्शनचे कागद विभागप्रमुखांच्या सहीनं पुढं जायचे होते. हे सगळं त्या दोन क्षणांत माझ्या डोक्यात येऊन गेलं, ते लपवत नाही.

मी गोळा खाली ठेवला आणि माइकपाशी गेले. "टाके माझे आहेत," मी म्हणाले. "यूनुसभाईंनी पक्कं शिवलं होतं. मी उसवलं. दर वेळी कच्चं मीच शिवते. अकरा टाके असतात."

सर माझ्याकडं असे बघत होते, जणू टेबलच बोलायला लागलंय.

आता एवढं बोललेच होते, तर उरलेलंही बोलून टाकलं. कापडावर काय दिसतं आणि काय दिसत नाही, खालून कुणी ओढत नाही, काळ कसा सावकाश होतो, आणि हा प्रश्न मला कुठल्या पुस्तकानं नाही तर तिसऱ्या रांगेतल्या यूनुसभाईंनी विचारला, हेही.

मग त्यांची बायकोच उभी राहिली. "अंदर गया सो आदमी किधर तो बी कोने में रुक जाना ना? बीच में गएच नई तो?"

इतका चांगला प्रश्न आमच्या विभागात कधी विचारला गेला नव्हता. मी म्हणाले, "नाही थांबता येत, भाभी. हद्दीच्या आत गेलं की तो बिंदू समोरची जागा राहत नाही, तो पुढची वेळ होतो. उद्याची सकाळ चुकवायची म्हणून कुठल्या कोपऱ्यात थांबून चालतं का? कुठंही बसा, ती येतेच. तसं."

"और वहाँ पहुँचे तो क्या है?"

"माहीत नाही."

तेहतीस वर्षांत त्या सभागृहातल्या माइकवर हे दोन शब्द कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण कुणी उठूनही गेलं नाही.

बाहेर पार्किंगमध्ये यूनुसभाई माझी वाट बघत उभे होते. मी काही म्हणायच्या आत तेच म्हणाले, "ताई, मेरेकू क्या मालूम वो टाके तुमारे थे. मालूम रहता तो मैं बैठाच रहता."

"म्हणूनच बरं झालं, माहीत नव्हतं," मी म्हणाले. त्या दिवशी दुकानात 'तुम्ही शिवा' म्हटल्याबद्दल माफी मागायची होती, पण त्यांना ते आठवतच नव्हतं. मलाच आठवत होतं.

तिसऱ्या दिवशी नोटीस आली. 'आपण जाहीर कार्यक्रमात, विभागप्रमुखांची पूर्वपरवानगी न घेता, सिंग्युलॅरिटीबाबत संस्थेच्या अधिकृत भूमिकेशी विसंगत विधान केले आहे. याबाबत लेखी खुलासा सादर करावा.' संस्थेची सिंग्युलॅरिटीबाबत अधिकृत भूमिका आहे, हे वाचून मला क्षणभर आपल्या कॉलेजचा अभिमान वाटला. घरी कुणाला सांगितलं नाही. आठवडाभर भाजी खारट होत होती.

खुलासा घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले तेव्हा ते एकटेच होते. माझा चार पानी खुलासा त्यांनी बाजूला ठेवला.

"बाई, मी मराठीचा माणूस. मला एक खरं सांगा. त्याच्या आत शेवटी काय असतं?"

"माहीत नाही, सर."

"सबनीसांना माहीत असेल."

"त्यांनाही नाही."

"मग जगात कुणाला आहे?"

"अजून तरी कुणालाच नाही, सर."

प्राचार्यांनी टेबलावरचा पेपरवेट एकदा फिरवला. त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा खरंखुरं कुतूहल पाहिलं, आणि ते फार तर अर्धा मिनिट टिकलं. मग त्यांनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. "हे चार पानांचं नको. आत्ता बोललात तेवढंच लिहून द्या. फाइल बंद करतो."

मी लिहिलं, 'कृष्णविवराच्या केंद्राशी काय आहे, हे प्रस्तुत कर्मचाऱ्यास माहीत नाही. तसेच ते विभागप्रमुखांसही माहीत नाही.' खाली सही केली.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग लाल पेन काढून दुसरं वाक्य नीट, पट्टी लावून खोडलं, कडेला आपली छोटी सही केली आणि शिपायाला आवक क्रमांक टाकायला सांगितलं.

सात महिन्यांनी मी ठरल्या दिवशी निवृत्त झाले. सबनीस सर अजून व्याख्यानं देतात, आता ॲनिमेशन दाखवतात, त्याला शिवण नसते. माझा तो कागद कॉलेजच्या दप्तरात सुरक्षित आहे. कुणी कधी फाइल उघडून पाहिली, तर नोंद अगदी स्पष्ट आहे. कृष्णविवराच्या आत काय असतं हे माहीत नसलेलं आमच्या कॉलेजात एकच माणूस होतं.